विमान वाहतूक धोरण खुले झाल्यामुळे प्रवासी खरोखर वाढले का? (विदर्भातील गावांकडून पाहताना)

मास्तर_तिवसेकर

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत असल्याने दरवर्षी उदारीकरणाच्या प्रकरणात विमान वाहतुकीचे उदाहरण ओघाने येते. ते साधारण असे सांगितले जाते: १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, चाळीस वर्षे सरकारी मक्तेदारी चालली, १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला, २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांची वाट दाखवली, २०१६ मध्ये नवे नागरी विमान वाहतूक धोरण आले. परिणामी देशांतर्गत प्रवासी २०१४ मधील सुमारे ६.७ कोटींवरून २०२४ मध्ये १६.१ कोटींवर गेले. उत्तरपत्रिकेत एवढे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी पूर्ण गुण देतो, पण मला स्वतःला ते पूर्णपणे पटलेले नाही.

माझ्या शंका दोन आहेत. पहिली अशी की, २०१४ च्या मध्यानंतर कच्च्या तेलाचे भाव निम्म्याहून खाली आले आणि त्याच काळात शहरी मध्यमवर्गाचे उत्पन्नही वाढले. मग या वाढीत धोरणाचा वाटा नेमका किती धरायचा? दुसरी शंका आपल्या भागाची आहे. विदर्भात अकरा जिल्हे आहेत, पण गेल्या दहा वर्षांत नियमित प्रवासी विमान पाहिलेली ठिकाणे नागपूर, गोंदिया आणि अमरावती ही तीनच. माझे मत असे की, धोरण खुले केल्याने जिथे प्रवासी आधीपासून होते तिथे ते अनेक पटींनी वाढले, परंतु जिथे नव्हते तिथे निव्वळ मोकळीक देऊन फारसे काही घडले नाही. हे मत कोणी पुराव्यानिशी खोडून काढले तर आनंदच होईल.

खामगावकर

सर, अकोल्याच्या शिवणी विमानतळाचा उल्लेख राहिला. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे आणि धावपट्टी जेमतेम १४०० मीटरची. ती वाढवायची तर कृषी विद्यापीठाची जमीन लागते, आणि हा विषय आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीत नव्याने निघतो. दिल्लीत धोरण कितीही खुले झाले तरी धावपट्टी आपोआप लांब होत नाही.

सोनेगाव_कट्टा

मास्तर, आपल्या पहिल्या शंकेशी मी अंशतः सहमत आहे, पण दुसरीत आपण धोरणावर अन्याय करता आहात.

मक्तेदारीच्या काळात नागपूरहून मुंबईला जायचे तर इंडियन एअरलाइन्स देईल ते विमान, देईल ती वेळ आणि सांगेल ते भाडे, याला पर्याय नव्हता. सरकारी अधिकारी, मोठे व्यापारी आणि आमदार-खासदार एवढेच बहुतेक प्रवासी असत. १९९० च्या दशकात ईस्ट-वेस्ट, दमानिया, जेट, सहारा, मोदीलुफ्त अशा कंपन्या आल्या आणि त्यांतल्या बऱ्याच बुडाल्या. लोक या बुडण्याकडे बोट दाखवून उदारीकरण फसले असे म्हणतात. मी नेमका उलटा निष्कर्ष काढतो. ईस्ट-वेस्ट १९९६ मध्ये बंद पडली, किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दरवेळी काही महिने भाडी भडकली, प्रवाशांचे पैसे अडकले, कर्मचारी देशोधडीला लागले, हे सगळे खरे आहे. परंतु एकूण प्रवासी संख्या लवकरच पुन्हा चढू लागली, कारण दुसऱ्या कंपनीला त्या मार्गावर येण्याची मुभा होती. मक्तेदारीच्या काळात एक संप झाला की सगळी विमाने जमिनीवर असत. कंपनी मेली तरी वाहतूक जगते, हा धोरण खुले असण्याचा खरा परिणाम आहे.

झाडीपट्टीची_लेक

मी आमगावची. आमच्या गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाची गोष्ट सांगते, कारण मास्तरांच्या दुसऱ्या शंकेचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. पुढे तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आली, त्यामुळे लहान विमानांची घरघर आम्हांला सवयीची आहे. उन्हाळ्यात धान वाळत घालताना ती वर घिरट्या घालत असतात आणि कोणी मान वर करूनही पाहत नाही. प्रवासी विमान मात्र मार्च २०२२ मध्ये आले, उडान या लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी योजनेत, इंदूर–गोंदिया–हैदराबाद असे. काही महिन्यांत ते बंद पडले. नंतर १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबाद आणि पुढे तिरुपती अशी सेवा सुरू केली.

माझा चुलतभाऊ हैदराबादला नोकरीला आहे. दुसरी सेवा सुरू झाली तेव्हा घरात आनंद झाला, पण काकांनी विमानाच्या तिकिटाबरोबर रेल्वेचेही तिकीट काढून ठेवायला सांगितले. "मागचे विमान आले तसे गेले, हे तरी टिकेल कशावरून?" हा त्यांचा सवाल होता. गावातल्या इतरांनीही तेच केले. म्हणजे सेवा सुरू झाली त्या दिवसापासून प्रवासी मोजायचे म्हटले तर हाती चुकीचा आकडा येतो. लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो, आणि एकदा बंद पडलेल्या सेवेमुळे तो वेळ आणखी वाढतो. पहिल्या वर्षाच्या रिकाम्या खुर्च्या पाहून या भागात मागणीच नाही असा निष्कर्ष काढणारे लोक ही गोष्ट लक्षात घेत नाहीत.

पुसदचा_पाटील

यवतमाळच्या विमानतळाची कोणी निंदा करू नये. वक्तशीरपणात त्याची बरोबरी देशात कोणी करू शकत नाही. आजवर तिथे एकही प्रवासी विमान उशिरा आलेले नाही.

हिशेबी_माणूस

पाटीलसाहेबांच्या विनोदामागे बराच गंभीर हिशेब आहे, तो मांडतो.

उडान योजना २०१६ मध्ये जाहीर झाली आणि तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला उडाले. योजनेचा गाभा असा की, सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी साधारण निम्म्या जागांचे भाडे सुरुवातीला २५०० रुपयांवर बांधून दिले, आणि त्यामुळे कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची. त्या तीन वर्षांत त्या मार्गावर शक्यतो दुसरी कंपनी येत नाही. भरपाईच्या निधीसाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार लावला जातो आणि राज्य सरकार साधारण २० टक्के वाटा उचलते. राज्याने हवाई इंधनावरील कर अशा विमानतळांवर एक टक्क्यापर्यंत खाली आणायचा, अशीही अट आहे.

आता निकाल पाहा. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच झाली नाही. जे ३७१ सुरू झाले त्यांतील केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत मुदतीनंतरही चालू राहिलेले मार्ग फक्त ५४ होते. म्हणजे दिलेल्या शंभर मार्गांमागे सात टिकले. गोंदियाच्या ताईंच्या काकांनी रेल्वेचे तिकीट काढून ठेवले, यात शहाणपणच होते.

कपाशी_अडीच_एकर

राग मानू नका, पण हा सगळा ऊहापोह कोणासाठी चालला आहे? आमच्या गावात मुक्कामी एसटी बंद झाली, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरपंचांनी अर्जांवर अर्ज केले. तिथे तूट भरून द्यायला कोणी तयार नाही. विमानाच्या तुटीसाठी मात्र योजना निघते, राज्याचा वाटा निघतो, आणि तो वाटा शेवटी आमच्याही खिशातून जातो. विमानात बसणारे वाढले याचा आनंद मानायला माझी हरकत नाही, फक्त त्या वाढीची किंमत कोण मोजतो हेही त्याच तक्त्यात लिहा.

परतवाडा_ताई

भाऊ, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि एसटीच्या बाबतीत मी शब्दशः तुमच्या बाजूने आहे. मात्र विमानात केवळ पैसेवाले बसतात हे आता पूर्ण खरे राहिलेले नाही.

माझ्या सासऱ्यांचे उपचार मुंबईच्या टाटा रुग्णालयात चालू आहेत. केमोनंतर बाराएक तास रेल्वेने प्रवास करणे त्यांना सोसत नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून, म्हणजे अमरावती विमानतळावरून, मुंबईचे विमान सुरू झाले आणि आम्ही ते वापरू लागलो. लहान पंख्यांचे एटीआर विमान आहे, सत्तरेक जणांचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या आसपास जे बसले होते त्यांत निम्म्यांच्या मांडीवर एक्स-रेची मोठी पिवळी पाकिटे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली फाइल होती. एका आजोबांनी पट्टा कसा लावायचा ते हवाई सुंदरीला विचारण्याऐवजी माझ्या सासऱ्यांना विचारले, आणि सासऱ्यांनी अनुभवी माणसाच्या थाटात लावून दिला.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. सुरुवातीला हे विमान सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीनच दिवस आणि दुपारचे होते. संध्याकाळी मुंबईत पोहोचायचे, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचे आणि परतीच्या विमानासाठी आणखी एक दिवस थांबायचे. त्या जास्तीच्या मुक्कामाचा खर्च तिकिटात वाचलेल्या पैशांइतका होतो. त्यातच नागपूरहून एका कंपनीच्या विमानाने परतताना ऐनवेळी उड्डाण रद्द झाले होते आणि पैसे परत मिळवायला खूप पाठपुरावा करावा लागला, तेव्हापासून सासूबाईंचा जीव टांगणीला लागलेला असतो.

सोनेगाव_कट्टा

ताई, वेळापत्रकाची अडचण अमरावतीत नसून मुंबईत आहे, हे इथे सांगितले पाहिजे. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला जितकी विमाने उतरू-उडू शकतात, तितक्याच वेळा वाटायला असतात. आता एक वेळ सत्तर जणांच्या एटीआरला द्यायची की एकशे ऐंशी जणांच्या एअरबसला, हा प्रश्न आला की सकाळची वेळ लहान विमानाला मिळत नाही. एसटी स्टँडवर फलाट मोजकेच असतील तर मिनीबसला जशी कोपऱ्यातली जागा मिळते, तसाच हा प्रकार.

म्हणूनच डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाले ही माझ्या मते विदर्भासाठी कागदावरच्या कोणत्याही धोरणापेक्षा मोठी घटना आहे. परवाना खुला करणे सोपे असते. जागा आणि वेळ खुली करायला काँक्रीट लागते. पुण्याचेही तेच आहे. तिथली धावपट्टी हवाई दलाची आहे, म्हणून दिवाळीत पुणे–नागपूर भाडे आकाशाला भिडले तरी कंपन्यांना मनात येईल तेवढी जादा विमाने सोडता येत नाहीत.

पुसदचा_पाटील

दिवाळीत ट्रॅव्हल्सवाल्यांची भाडीही आकाशालाच भिडतात, आणि त्यांना तर धावपट्टीही लागत नाही.

धोरण_वाचक

मास्तरांच्या मूळ मताला बळ देणारी एक जुनी गोष्ट आहे, ती चर्चेत आलेली नाही. १९९४ मध्ये मक्तेदारी संपवताना सरकारला भीती होतीच की, खासगी कंपन्या केवळ मुंबई–दिल्लीसारखे मलईचे मार्ग घेतील. म्हणून मार्गांची वर्गवारी झाली. पहिल्या वर्गात महानगरांना जोडणारे बारा मार्ग होते. दुसऱ्या वर्गात ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान आणि लक्षद्वीप येत. बाकी सारा देश तिसऱ्या वर्गात गेला. पहिल्या वर्गात जितकी क्षमता चालवाल, तिच्या १० टक्के दुसऱ्या वर्गात आणि ५० टक्के तिसऱ्या वर्गात चालवलीच पाहिजे, असा नियम होता.

ग्यानबाची मेख इथे आहे. मुंबई–नागपूर हा मार्गही त्या यादीप्रमाणे तिसऱ्याच वर्गातला. कंपनीने नागपूरला, पुण्याला किंवा इंदूरला विमान नेले की नियम पाळला गेला. अकोला-गोंदियाकडे वळण्याचे तिला कारणच उरले नाही. नागपूरच्या वाढीत या नियमाचा काही वाटा असणार, असे मला वाटते. नागपूरच्या पलीकडचा विदर्भ मात्र त्या नियमाला दिसलाच नाही.

निवृत्त_टपालवाला

थोडे विषयांतर करतो, पण ते विषयाला धरूनच आहे. १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून विमाने निघत, मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. आमचे वरिष्ठ त्या रात्रींच्या हकिकती सांगत. देशाच्या मध्यभागी असण्याचा नागपूरला प्रत्यक्ष उपयोग झाला तो तेव्हा. धोरण खुले झाल्यावर कंपन्यांनी आपली केंद्रे दिल्ली, मुंबई, बंगळूर आणि हैदराबादला केली, कारण त्या शहरांत स्वतःचेच प्रवासी भरपूर आहेत. नकाशावर मधोमध असणे बाजाराला पुरेसे वाटत नाही.

धोरण_वाचक

काकांच्या मुद्द्याला जोडून आंतरराष्ट्रीय बाजू सांगतो. परदेशी कंपन्यांना भारतात किती जागा चालवता येतील हे दोन देशांतील करारांवर ठरते. आग्नेय आशियातील देशांच्या कंपन्यांना भारताने अठरा पर्यटनस्थळांवर मुक्त प्रवेश दिला, त्या यादीत औरंगाबाद आहे, नागपूर नाही. ताडोबा आणि पेंच इतक्या जवळ असताना हे व्हावे याचे आश्चर्य वाटते. नागपूरहून शारजा आणि दोहाला विमाने झाली ती वेगळ्या करारांखाली.

कपाशी_अडीच_एकर

एक शंका. धोरण खुले झाले म्हणता, मग बेलोऱ्याला विमान कोणत्या खासगी कंपनीचे आले?

हिशेबी_माणूस

बेलोऱ्याची सेवा अलायन्स एअरची. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली तेव्हा अलायन्स एअर त्या व्यवहारातून वगळली होती. ती आजही सरकारी आहे. भाऊंनी सहज विचारले, पण या धाग्यातला सर्वांत टोकदार प्रश्न हाच आहे. मक्तेदारी मोडून तीस वर्षे झाली आणि अमरावतीला मुंबईशी जोडायला सरकारी विमानच आले.

सोनेगाव_कट्टा

आणि गोंदियाला खासगी आले, हेही त्याच दमात सांगा. शिवाय बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण केंद्र आले ते खासगी झालेल्या एअर इंडियाचे. एकाच उदाहरणावर निकाल देऊ नये.

झाडीपट्टीची_लेक

खासगी आले हे खरे, पण आता खासगीत उरले किती? देशातील साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी एकाच कंपनीचे आणि उरलेल्यांतले बहुतेक दुसऱ्या समूहाचे. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनुसार मनुष्यबळाची तजवीज झाली नाही म्हणून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा दुसऱ्या कंपन्यांकडे तेवढ्या जागाच नव्हत्या आणि सरकारला भाड्यांवर मर्यादा घालावी लागली. करोनाकाळात घातलेले भाड्यांचे निर्बंध ऑगस्ट २०२२ अखेरीस उठवले होते. साडेतीन वर्षांच्या आत पुन्हा तीच वेळ आली. सोनेगाव दादांनी सुरुवातीला म्हटले की एक कंपनी मेली तरी वाहतूक जगते. कंपन्या पाच-सहा होत्या तोवर ते खरे होते.

सोनेगाव_कट्टा

हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. प्रवेश खुला असणे आणि स्पर्धा टिकणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. विमाने भाड्याने घेण्याचा खर्च डॉलरमध्ये, इंधन जीएसटीच्या बाहेर आणि प्रत्येक राज्याचा कर निराळा. अशा धंद्यात नवा माणूस फार काळ तग धरत नाही.

मास्तर_तिवसेकर

सर्वांचे आभार. माझ्या पहिल्या शंकेकडे परत येतो, कारण चर्चा वाचताना तिच्यावर एक उपाय सुचला. स्वस्त तेलाचा आणि धोरणाचा परिणाम वेगळा करायचा तर तेल महाग असतानाची वर्षे पाहावीत. जून २०२२ मध्ये दिल्लीत हवाई इंधन हजार लिटरला १.४ लाख रुपयांच्या वर गेले होते आणि त्यानंतरही ते फारसे स्वस्त राहिले नाही. तरीही २०२३ मध्ये देशांतर्गत प्रवासी १५.२ कोटी झाले, म्हणजे करोनापूर्वीच्या २०१९ च्या १४.४ कोटींपेक्षा जास्त. केवळ तेलाने वाढ झाली असती तर हे घडले नसते. याचा अर्थ मोकळ्या बाजारात कंपन्यांनी मागवून ठेवलेली विमाने आणि लोकांना लागलेली विमानाची सवय या दोन्हींचा परिणाम तेल महाग झाले तरी टिकला. एवढ्यापुरती माझी शंका फिटली.

दुसरी शंका फिटलेली नाही, उलट ती अधिक नेमकी झाली. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून आमच्याकडची माणसे गाडी काढून थेट मुंबई गाठतात. बेलोऱ्याहून उडणाऱ्यांमध्ये नवे प्रवासी किती आणि पूर्वी नागपूरहून उडणारे किती, हे कळल्याशिवाय इथे वाहतूक वाढली की केवळ विमानतळ बदलला, ते सांगता येणार नाही. द्वितीय वर्षाच्या मुलांकडून या हंगामात बेलोऱ्याच्या दाराबाहेर एक प्रश्नावली भरून घ्यायचा विचार आहे.

परतवाडा_ताई

सर, मुलांना अवश्य पाठवा. प्रश्नावलीत "हे विमान नसते तर तुम्ही कसे गेला असता" याबरोबर "गेलाच नसता का" हाही पर्याय ठेवा. आमच्यासारख्या काही घरांचे उत्तर तेच येईल.

खामगावकर

आणि तीच प्रश्नावली अकोला रेल्वे स्थानकावर मुंबईच्या गाडीला थांबलेल्यांकडूनही भरून घ्या. आमच्याकडे विमान नाही, त्यामुळे तुलनेला जिल्हा आयताच मिळतो. मुलांच्या चहाची सोय मी करतो.